चालू नासमधली डिस्क बदलताना

ऐन लग्नसराईत ओळखीच्या एका छायाचित्रकाराचा नास, म्हणजे नेटवर्कवर जोडलेला अनेक डिस्कांचा साठा, बीप-बीप करू लागला. चारपैकी एक डिस्क गेली होती. एक डिस्क गेली तरी डेटा टिकवणारी रेड-5 मांडणी असल्यामुळे फोटो शाबूत होते, कामही चालू होते. घाईत त्याने शेजारची, चांगली डिस्क बाहेर ओढली आणि सगळाच साठा कोसळला. डेटा काढून देणाऱ्याने सांगितलेला आकडा नव्या डिस्कच्या किमतीच्या कितीतरी पट होता.

म्हणून पहिले काम फुकटचे आहे. नास नवा असतानाच प्रत्येक ट्रेवर आतल्या डिस्कच्या सिरीयल नंबरचे शेवटची चार अक्षरे-आकडे चिकटवा. कोणती डिस्क बिघडली ते नासच्या स्टोरेज विभागात सिरीयल नंबरासकट दिसते. दोन्ही जुळले तरच ट्रेला हात लावायचा.

आता खर्च. नाससाठीच्या 4 टीबी डिस्कला दहा ते पंधरा हजार रुपये धरून चला. भाव सतत हलतात. नवी डिस्क जुनीएवढी किंवा मोठी हवी, एक जीबीनेही लहान चालत नाही. स्वस्त मिळते म्हणून एसएमआर प्रकारची घेऊ नका, जुळणीच्या, म्हणजे नव्या डिस्कवर डेटा परत उभारण्याच्या, वेळी ती फार रेंगाळते; सीएमआर मागा. बिलावर सिरीयल नंबर लिहून घ्या आणि वॉरंटी कंपनीच्या साइटवर दुकानातच तपासा. 2025च्या सुरुवातीला जर्मनीत हजारो तास वापरलेल्या डिस्क नव्या म्हणून विकल्या गेल्याचे उघड झाले. डिस्क स्वतःच ठेवते त्या ‘स्मार्ट’ नोंदीतले वापराचे तास पुसलेले होते. जुळणी चालू असताना वीज जाऊ नये, म्हणून यूपीएस नसेल तर छोट्या यूपीएसचे तीन-चार हजार याच हिशोबात धरा. तंत्रज्ञाला बोलावलेत तर भेटीचे पैसे वेगळे, पण ट्रे समोरून निघत असेल तर हे काम तुम्हीच करू शकता.

डिस्कच्या साटा जोडणीत अर्थिंगच्या काही पट्ट्या जरा लांब असतात. डिस्क सरकवताना त्या आधी टेकतात, मग वीज पोचते. म्हणून चालू यंत्रात ती बदलता येते. मात्र ज्या नासचे कवच उघडून डिस्क स्क्रूने बसवावी लागते, तो आधी बंदच करा.

बॅकअप ताजा आहे ना, ते पाहा. डिस्क अजून फिरत असेल तर सॉफ्टवेअरमधून निष्क्रिय करा. नासच्या धातूच्या भागाला हात लावून अंगातली स्थिर वीज जाऊ द्या. ट्रे बोटभर ओढून अर्धा मिनिट थांबा, कारण आतली चकती मिनिटाला 5400 ते 7200 फेऱ्या घेत असते आणि फिरती डिस्क तिरकी केली तर तिला इजा होते. नवी डिस्क सरळ, खटका लागेपर्यंत सरकवा. काही नास जुळणी आपोआप सुरू करतात, काहींत ‘रिपेअर’ दाबावे लागते.

4 टीबीच्या जुळणीला सेकंदाला 100 ते 150 एमबी वेगाने सात ते अकरा तास लागतात. नासवर काम चालू ठेवले तर आणखी. रेड-5मध्ये या काळात दुसरी डिस्क गेली तर सगळे गेले. शक्यतो रात्री सुरू करा आणि त्या वेळात मोठ्या फाइली हलवू नका.

‘हेल्दी’ अशी नोंद दिसेपर्यंत जुनी डिस्क टाकू नका, काही वेळा तिच्यातूनही डेटा निघतो. वॉरंटीत परत देताना मात्र तिच्यासोबत ग्राहकांचा डेटाही बाहेर जातो. डिस्क चालत असेल तर आधी पूर्ण पुसा, चालत नसेल आणि आत गोपनीय कागद असतील तर बदली डिस्कवर पाणी सोडा आणि जुनी फोडा.