मोटारीच्या डिकीतील पाणी : शोध आणि उपाय



पूर्वी सोसायटीतून खत बंडीने घरी येत असे. आता दोन-तीन पोती आणायची तर मोटारीची डिकी उघडली की काम भागते. पण डिकी गळत असेल तर नुकसान तिहेरी होते. युरिया हवेतली ओलही ओढतो. खाली पाणी साचले तर ४५ किलोच्या पोत्याचे तळाशी ढेकूळ झालेच म्हणून समजा. बियाण्याला ओल लागली की उगवण घटते. म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये क्लोराईड असते. सांडलेले खत ओलाव्यात विरघळले की पत्रा भराभर गंजतो. म्हणून मृग लागण्यापूर्वी डिकी तपासावी, असे आम्ही सुचवितो.

पाणी शिरते कोठून?

पाणी जिथे साचते तिथूनच ते आत शिरले असे नसते. धुऱ्यातून पाणी खाली निघते, पण उंदराचे बीळ वरच्या अंगाला असते, तसाच हा प्रकार. पाणी पत्र्याच्या कडेने ओघळत सर्वांत खोल जागी, बहुधा स्टेपनीच्या खळग्यात, जमते. तपासण्याच्या जागा पाच :

१) झाकणाभोवतीचे रबर.
२) मागच्या लाल दिव्यांमागील गॅस्केट.
३) मागच्या काचेची कड.
४) पत्र्याच्या सांध्यांवरील तडकलेले सीलंट.
५) बंपरमागील हवेची जाळी व तळाची रबरी बुचे.

शोध कसा घ्यावा?

डिकी रिकामी करा. स्टेपनी व सतरंजी काढून तळ कोरडा पुसा. आधी धूळ पाहा. काळ्या मातीच्या रस्त्याने गाडी धावली की मागे धूळ ओढली जाते. रबराच्या आतल्या बाजूला धुळीचा पट्टा दिसला तर पाण्यालाही तीच वाट आहे.

नंतर कागदाची पट्टी रबरावर ठेवून झाकण लावा व पट्टी ओढा. सहज निघाली तर तेथे रबराची पकड ढिली आहे. अशी फेरी सर्व बाजूंनी करा.

शेवटी पाणी. संशयित सांध्यांखाली खडूची पूड भुरभुरा, झाकण लावा आणि नळीने बारीक धार सोडा. खालून सुरुवात करून वर जा. एका जागी पाच मिनिटे. एकदम सगळीकडे पाणी मारले तर काहीच कळत नाही. उघडण्यापूर्वी झाकणाच्या कडा पुसा, नाहीतर तेच पाणी आत गळून फसगत होते. पुडीवर ओघळ दिसेल, त्याच्या मागावर वर चढा. मागची सीट पाडता येत असेल तर आतून बॅटरीने पाहता येते. मात्र बंद डिकीत कोणी शिरू नये. लेकरांना तर बिलकूल बसवू नये.

आपला तालुका खारपाणपट्ट्यातला. बोअरचे खारे पाणी या कामाला नको. क्षार सांध्यात राहून गंज वाढवतो. नळाचे गोडे पाणीच घ्यावे.

उपाय

रबर नुसते मळले असेल तर साबणाच्या पाण्याने धुवा. चेपले वा फाटले असेल तर बदला. वरून चिकटपट्टी लावणे म्हणजे फुटक्या पाटावर पेंढी टाकणे. दिव्याचे गॅस्केट नवे बसवा, पण नट फार आवळू नका, दिव्याचे प्लास्टिक तडकते. सांधा फुटला असल्यास जुने सीलंट खरवडा, गंज घासा, प्रायमर मारा, पूर्ण वाळल्यावर मोटारीच्या बॉडीचे सीलंट भरा. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारे सिलिकॉन उघड्या पत्र्याला लावू नये, त्याने लोखंड गंजते. काचेची कड गळत असेल तर ते काम कारागिराकडेच द्यावे. तळाचे बूच काढून ठेवणे हा उपाय नव्हे; तेथून धूळ व चिखल आत येतो.

सीलंट डब्यावर लिहिले तितका वेळ वाळू द्या आणि पुन्हा पाण्याची परीक्षा घ्या. सतरंजी उन्हात खडखडीत वाळल्यावरच टाका. पहिल्या मोठ्या पावसानंतर स्टेपनीखाली एकदा हात फिरवा. तरीही खताचे पोते ताडपत्रीवर ठेवा, आणि घरी पोहोचताच उतरवून घ्या.

— ऊस विकास अधिकारी