दुधीच्या रसाने मधुमेह धुऊन निघतो का?

प्रश्न : वडिलांना बारा वर्षांपासून मधुमेह आहे. एका शिबिरात त्यांना गोळ्या थांबवून २१ दिवस दुधीचा रस प्यायला सांगितलंय. शरीर शुद्ध होईल का?
– एक वाचक, नेरुळ

उत्तर : शुद्धीचं काम यकृत आणि मूत्रपिंडं रोज करतातच. मधुमेह म्हणजे साचलेला मळ नव्हे. गोळ्या परस्पर बंद करू नका; साखर धोकादायकरीत्या वाढू शकते.

दुधीची भाजी खुशाल खाऊ द्या. रसच हवा असेल, तर आधी फोड चाखा. कडू लागली तर फेका. कडू दुधीतल्या कुकुर्बिटासिनमुळे रक्ताच्या उलट्या होतात, भारतात मृत्यूही झालेत. असा त्रास झाल्यास तातडीने रुग्णालय गाठा. मूत्रपिंडांचं काम दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन वाढलेलं असेल, तर रस डॉक्टरांना विचारूनच.

रक्तातल्या साखरेची सरासरी दाखवणारी एचबीए१सी चाचणी करून घ्या. आहार-व्यायामाने आकडा उतरला, तर डॉक्टर स्वतःच गोळ्या कमी करू शकतील.