कीर्तनकाराने टाळ धरावा

कीर्तनाचा अधिकार कोणास, ह्याविषयी आपल्या संप्रदायात पुष्कळ विवेचन झाले आहे. गळ्यात तुळशीची माळ असावी, पंढरीची वारी घडावी, पाठांतर असावे, आचरण शुद्ध असावे, हे सर्व वारकरी जाणतात. आम्हांस आज त्या अधिकाराच्या राखणीविषयी चार शब्द लिहावयाचे आहेत. अधिकार मिळवणे हे एक, आणि मिळालेला अधिकार टिकवणे हे दुसरे. पहिले काम गुरुकृपेने व अभ्यासाने होते. दुसरे काम मात्र एकट्याने होत नाही. त्यासाठी इतर कीर्तनकारांचा व फडावरील मंडळींचा सहवास लागतो, असा आमचा अनुभव आहे.

आम्ही पाठशाळेत असताना गुरुजी एक सुभाषित वारंवार सांगत. त्याचा आशय असा की, विद्येचा एक चतुर्थांश आचार्यांकडून मिळतो, एक आपल्या बुद्धीने मिळतो, एक सहाध्यायांकडून मिळतो आणि उरलेला काळ शिकवतो. आम्ही ते पाठ केले, पण तिसऱ्या चतुर्थांशाकडे फारसे लक्ष दिले नाही. सहाध्यायी म्हणजे पाठशाळेतील सोबती, पाठशाळा सुटली की तो भाग संपला, असे आम्हांस वाटे. कीर्तनकाराची पाठशाळा कधी सुटत नाही, हे पुष्कळ उशिरा उमगले.

गीतेच्या दहाव्या अध्यायात भगवंतांनी भक्तांचे जे वर्णन केले आहे, त्यात ते परस्परांना बोध करतात असे म्हटले आहे. एक बोध करणारा आणि बाकीचे घेणारे, असा अर्थ तेथे नाही. ह्या ठिकाणी माउलींनी शेजारशेजारच्या सरोवरांचा दृष्टान्त दिला आहे. दोन्ही सरोवरे भरून उचंबळली म्हणजे एकाचे पाणी दुसऱ्यात कालवते, आणि कोणाची लाट कोणती हे सांगता येत नाही. आता दृष्टान्तातील खुबी पाहा. पाणी दोन्हीकडे हवे, आणि बांध मध्ये आड येता कामा नये. भागवतातही असेच आहे. महाभारतासारखा ग्रंथ रचूनही व्यासमहर्षींचे मन सरस्वतीच्या तीरी खिन्न होते. काय राहिले हे त्यांचे त्यांना कळेना. नारद आले, त्यांनी उणीव दाखविली, तेव्हा भागवताचा उगम झाला. व्यासांनाही जेथे दुसरा सांगणारा लागला, तेथे आपली कथा काय?

आपल्या संप्रदायातील ह्याचे सर्वांत मोठे उदाहरण नामदेवरायांचे. तेरला गोरोबाकाकांच्या घरी संतमेळा जमला होता. मुक्ताबाईंनी कुंभाराचे थापटणे पाहून विचारले, हे कशाचे? काकांनी सांगितले, ह्याने मडके पक्के की कच्चे ते कळते. मग काका उठले आणि एकेकाच्या डोक्यावर थापटणे मारीत चालले. सगळे संत शांत बसून राहिले. नामदेवरायांना मात्र तो अपमान वाटला, आणि मडके कच्चे ठरले. पुढे ते विसोबा खेचरांकडे गेले ही कथा सर्वांस ठाऊक आहे. कीर्तनकाराने तिच्याकडे आपल्या अंगाने पाहावे. नामदेवरायांना पांडुरंगाचा नित्य सहवास होता. देव त्यांच्याशी बोलत होता, त्यांच्या कीर्तनात नाचत होता. तरीही कच्चेपण कळले ते संतांच्या पंगतीत बसल्यावर, बरोबरीच्या माणसाच्या हातचा फटका बसल्यावर. ज्यांना त्या दिवशी कच्चे म्हटले, त्यांचीच ६१ पदे पुढे शिखांच्या गुरुग्रंथसाहेबात आदराने समाविष्ट झाली. फटका वाया गेला नाही.

आता आमच्यावर बसलेल्या थापटण्याची हकीगत सांगतो. ती सांगताना आजही संकोच वाटतो, पण तरुण कीर्तनकारांच्या उपयोगी पडेल म्हणून लिहितो.

आमची त्या वेळी पस्तिशी उलटली होती. वाणी चालत होती, व्याकरण व न्यायाचा अभ्यास झालेला होता, तारखा भरलेल्या असत. मराठवाड्यातील एका गावी सप्ताहात पाचव्या रात्रीचे कीर्तन आमच्याकडे होते. पेरणी चुकू नये म्हणून घरातील प्रेत झाकून ठेवणाऱ्या कुणब्याचा जो तुकोबारायांचा अभंग आहे, तो आम्ही निरूपणास घेतला. त्या कुणब्यावर आम्ही वैराग्याचे मोठे प्रकरण रचले. देहाची नश्वरता त्याने ओळखली, म्हणून त्यास शोक झाला नाही, असे सांगून उपनिषदांची प्रमाणे दिली. श्रोते माना डोलवीत होते. आरती झाली, पाया पडणे झाले, आणि आम्ही प्रसन्न मनाने पारावर येऊन बसलो.

मागे टाळ धरून उभे असलेले एक वृद्ध शेतकरी जवळ आले. म्हणाले, "म्हाराज, एक इचारू का? राग नका मानू."

आम्ही म्हटले, "विचारा बाबा."

"आमचा बाप मिरगात गेला. आदल्या राती पाऊस झालेला, घात आलेली. आई म्हणली, आधी तिफण चालवा."

आम्हांस 'घात' म्हणजे विनाश एवढेच ठाऊक. आम्ही म्हटले, "घात झाला खराच."

ते गृहस्थ क्षणभर आमच्या तोंडाकडे पाहत राहिले. मग समजावून म्हणाले, "तसं न्हवं. घात म्हंजी पेरायजोगी ओल. दोन-तीन दिस टिकती. ती गेली की वरीस गेलं. बापाला झाकून ठिवलं आन् म्या चाड्यावर मूठ धरली. डोळ्याचं पानी खळत न्हवतं. तिसऱ्या पारी त्याला मसनवट्यात नेलं. तुमी म्हनला, कुनब्याला शोक न्हवता. शोक व्हता, म्हाराज. थांबाया येळ न्हवता."

एवढे बोलून त्यांनी आमचे पाय धरले आणि ते गेले. आम्ही त्यांचे धरावयास हवे होते. ते त्या वेळी सुचले नाही.

अभंगाचा अर्थ तर उघड होता. नरदेह ही घात आहे, ती फार थोडा वेळ टिकते, म्हणून डोळ्यांत पाणी असले तरी आपले हित करून घेण्यास उशीर लावू नये, हे तुकोबारायांचे सांगणे. आम्ही घाईच्या अभंगावर विरक्तीची रास घातली, आणि ज्याने ते दुःख भोगले त्याच्या समोर त्याला दुःख नव्हते असे सांगितले. पांडित्य खोटे नव्हते, पण जागा चुकली होती.

त्याच सप्ताहात सहाव्या रात्रीचे कीर्तन ज्यांचे होते, ते सत्तरी गाठलेले महाराज आदल्या दिवशीच गावी येऊन राहिले होते, आणि आमच्या कीर्तनात त्या वृद्धांच्या शेजारीच टाळ धरून उभे होते. पंगत उठल्यावर त्यांनी आम्हांस जवळ बोलावले.

"शास्त्रीबुवा, गेल्या वर्षात कीर्तने किती केलीत?"

"दीडशेच्या वर झाली असतील."

"आणि ऐकलीत किती? रूपाच्या अभंगापासून आरतीपर्यंत, पुरी."

आम्ही आठवू लागलो. एकही आठवेना. महाराज म्हणाले, "अहो, तो दृष्टान्त मीही आजवर थोडाफार तुमच्यासारखाच सांगत आलो. आज त्या बाबांचे बोलणे कानावर पडले आणि माझेही डोळे उघडले. मी टाळ धरला नसता तर तसाच गेलो असतो. उद्या राहा. दोघे मिळून त्या अभंगाचा विचार करू."

आमची दुसऱ्या गावची तारीख होती. आम्ही पहाटे निघालो. पुढे कळले की दुसऱ्या रात्री महाराजांनी तोच अभंग घेतला, त्या वृद्धांना पुढे बसविले, आणि हा अर्थ आपण ह्यांच्याकडून शिकलो असे भर सभेत सांगून त्यांना नमस्कार केला. गावातील बायाबापड्यांच्या डोळ्यांना धार लागली होती म्हणतात. त्या कीर्तनात आम्ही असावयास हवे होतो. आम्ही त्या वेळी दुसऱ्या गावी कीर्तन करीत होतो, आणि त्या कीर्तनाचा अभंग कोणता होता हेही आज आठवत नाही.

त्यानंतरच्या चातुर्मासात आम्ही पंढरीस गेलो आणि त्या महाराजांच्या मागे टाळ धरून उभे राहिलो. ते असेपर्यंत तीन चातुर्मास हा नेम चालला. टाळकऱ्यांच्या रांगेतून कीर्तनकार जे पाहतो तेच दिसते, म्हणजे श्रोत्यांची तोंडे. पण बोलण्याची जबाबदारी नसल्यामुळे ती नीट दिसतात. महाराज पाठीमागच्या बायकांकडे पाहून शब्द सोपा करीत. नुकतेच दुःख झालेले घर समोर बसले असेल, तर ठरविलेला दृष्टान्त अर्ध्यावर सोडून देत. प्रमाण आठवले नाही तर लपवाछपवी न करता वळून टाळकऱ्यांना विचारीत. हे कोणत्याही ग्रंथात लिहिलेले नाही. जवळ उभे राहूनच ते घेता येते.

वारकरी कीर्तनाची घडणच अशी आहे की त्यात एकट्याचे काही नाही. मागे टाळकरी, बाजूस पखवाजी, उभा विणेकरी. चाल त्यांनी उचलावी, चुकले तर त्यांनी सावरावे. तुकोबारायांचे चौदा टाळकरी परंपरेने सांगतात. त्यांत संताजी जगनाडे आहेत, गंगाजी मवाळ आहेत आणि रामेश्वरभट्टही आहेत. ज्या शास्त्रीपंडितांनी आधी विरोध केला, तेच पुढे टाळ घेऊन मागे उभे राहिले. आम्हां पाठशाळेत शिकलेल्यांना ह्याहून मोठा दाखला कोणता हवा? जोगमहाराजांनी १९१७ साली आळंदीस वारकरी शिक्षण संस्था काढली, तेथेही विद्यार्थ्याने चार जणांत राहूनच तयार व्हावे ही दृष्टी होती. घरी बसून पोथ्या वाचता येतात, कीर्तनकार घडत नाही.

पालखीच्या वाटेवर समाजआरती सर्वांनी पाहिली आहे. मुक्कामी दिंड्या गोलाकार उभ्या राहतात, चोपदार चोप वर करतात, आणि हजारो टाळ एकदम थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल, तिचे टाळ मात्र वाजतच राहतात. चोपदार त्या दिंडीकडे जातात, ऐकून घेतात, निवाडा होतो, मगच ते टाळ थांबतात. ही रीत किती शहाणपणाची आहे! जेवढे नामवंत तेवढे आपल्याभोवती सगळे टाळ थांबलेले असतात. लोक हार घालतात, बुक्का लावतात, पाया पडतात आणि घरी जातात. ज्याचे टाळ वाजत राहतील असा एखादा सोबती कीर्तनकाराला असला पाहिजे. तो नसेल तर आपली चूक वर्षानुवर्षे गावोगाव फिरत राहते, आणि तिलाच लोक प्रमाण मानू लागतात.

हल्ली सप्ताहात काय होते ते आपण पाहतो. सात रात्रींना सात महाराज येतात. मोटार संध्याकाळी येते, कीर्तन होते, आणि रात्रीच निघते. सातही जण एकाच व्यासपीठावर उभे राहिले, पण एकाने दुसऱ्याचा शब्द ऐकला नाही. मोबाईलवर दुसऱ्यांची कीर्तने ऐकतो, असे तरुण मंडळी सांगतात. ऐकावीत. चाली शिकण्यास त्यांचा उपयोग आहे. पण त्या यंत्रातील महाराज आपल्याला विचारीत नाहीत, की बाबा, हा अर्थ तू कोठून आणलास?

म्हणून आमची दोन्हीकडे विनंती आहे. कीर्तनकारांनी आपल्या कीर्तनाच्या आदल्या रात्री गावी पोहोचावे, त्या रात्रीच्या कीर्तनात टाळ धरावा, आणि दुसऱ्या दिवशी दोघांनी तासभर बसून एकमेकांचे निरूपण तपासावे. दोष दिसला तर एकांतात सांगावा, गुण दिसला तर सभेत सांगावा, आणि कोणाकडून काही घेतले तर त्याचे नाव घेऊन बोलावे. आरती झाल्यावर घटकाभर पारावर बसून राहावे, म्हणजे ज्याला विचारावयाचे आहे त्याला धीर येतो. ह्यात महिन्याच्या चार तारखा कमी होतील हे खरे. होऊ द्याव्यात. गावकऱ्यांनीही महाराजांस बोलावताना एक रात्र अधिक राहण्याचा आग्रह करावा, आणि टाळकऱ्यांतील वृद्धांना त्यांच्याजवळ बसवावे. वारी करणाऱ्या, नांगर धरणाऱ्या, दळणकांडण केलेल्या माणसांपाशी अर्थ साठलेला असतो. तो विचारल्याशिवाय बाहेर येत नाही.

आता वय झाले, आवाज पूर्वीसारखा लागत नाही. तरी जेथे जातो तेथे आदल्या रात्री टाळ मागून घेतो. पुष्कळदा तरुण महाराज संकोचतात, पुढे बसा म्हणतात. आम्ही म्हणतो, आम्हांस मागेच राहू द्या; आमचे थोडे शिकावयाचे राहिले आहे. ही घात अजून आहे तोवर जेवढे पेरून होईल तेवढे करून घ्यावे, एवढीच पांडुरंगचरणी प्रार्थना.

रामकृष्णहरि.