पिंपातल्या वाइनची आगाऊ खरेदी

फ्रान्सच्या नैऋत्येकडील बोर्दो प्रदेशात उन्हाळा कोरडा गेला, सप्टेंबरातील रात्री थंड राहिल्या आणि तोडणी पावसाच्या आधी उरकली, की पुढच्या वसंतऋतूत त्या वर्षाच्या लाल वाइनची वाखाणणी सुरू होते आणि व्यापाऱ्यांच्या पत्रकांमधून ती जर्मनीतील मराठी घरांतही पोहोचते. एका वर्षाच्या द्राक्षांपासून केलेल्या वाइनला त्या वर्षाचे ‘व्हिंटेज’ म्हणतात. २००९, २०१०, २०१६ आणि २०२२ ही अलीकडच्या काळातील नावाजलेली व्हिंटेज होत. अशा वर्षाची वाइन ओक लाकडाच्या पिंपांत मुरत असतानाच, बाटलीत भरण्यापूर्वी, आगाऊ किंमत घेऊन विकण्याच्या पद्धतीस फ्रेंचमध्ये ‘आँ प्रिमर’ आणि जर्मन व्यापारात ‘झुब्स्क्रिप्त्सिओन’ असे नाव आहे. कोकणात मोहोर पाहून आंब्याची बाग घेणाऱ्या व्यापाऱ्याचा व्यवहार याच जातीचा असला, तरी त्याला झाडे डोळ्यांसमोर दिसतात आणि काही महिन्यांत फळ हाती येते. बोर्दोच्या ग्राहकाला मात्र सुमारे दोन वर्षे केवळ एका पावतीवर विसंबून राहावे लागते.

या पावतीमागे काय असते, हे समजून घेणे अगत्याचे आहे. तोडणीनंतरच्या मार्च-एप्रिलमध्ये समीक्षक आणि व्यापारी बोर्दोत नमुने चाखतात, तेव्हा वाइन जेमतेम सहा महिन्यांची असते. द्राक्षाच्या सालीतून व बियांतून उतरणारे, जिभेला तुरट लागणारे टॅनिन तोवर निवलेले नसते, आणि काबर्ने सोव्हिन्यों, मर्लो वगैरे जातींचे मिश्रणही अनेकदा अंतिम नसते. म्हणूनच जाणते समीक्षक या टप्प्यावर एकच आकडा न देता गुणांचा पल्ला देतात. शिवाय व्हिंटेजची कीर्ती हे संपूर्ण प्रदेशाविषयीचे ढोबळ विधान असते. जिरोंद खाडीच्या डाव्या तीरावरील मेदोकमध्ये, जेथे काबर्ने प्रमुख आहे, उत्तम ठरलेले वर्ष उजव्या बाजूच्या मर्लोप्रधान सेंत-एमिलियों व पोमरोलमध्ये तितकेच उत्तम असेल असे नाही.

किमतीचा प्रश्न याहून नाजूक आहे. १९८२च्या व्हिंटेजची अमेरिकन समीक्षक रॉबर्ट पार्कर यांनी आरंभीच मुक्तकंठाने स्तुती केली, ज्यांनी तेव्हा आगाऊ खरेदी केली त्यांना पुढे मोठा लाभ झाला, आणि लवकर घेणारा स्वस्तात घेतो ही समजूत त्या एका यशाने पक्की केली. परंतु २०१०च्या व्हिंटेजला मोठमोठ्या शातोंनी, म्हणजे स्वतःचा मळा आणि तळघर असलेल्या उत्पादकांनी, चीनमधील मागणीच्या बळावर इतके चढे दर लावले की पुढे बाजार उतरल्यावर त्यांपैकी कित्येक वाइन आगाऊ दराच्या खाली मिळू लागल्या. उलट महासाथीच्या गोंधळात विक्रीस आलेल्या २०१९च्या व्हिंटेजचे दर लक्षणीय कमी ठेवले गेले आणि गुणवत्ता मात्र उत्तम होती. शातो लातूरने तर २०१२मध्ये ही पद्धत सोडण्याचा निर्णय जाहीर केला आणि वाइन तयार झाल्यावरच विकण्याचे धोरण स्वीकारले. यावरून एवढे निश्चित म्हणता येते, की आगाऊ पैसे देण्याचा मोबदला ग्राहकाला स्वस्ताईच्या रूपाने मिळत नसेल, तर ती जोखीम पत्करण्याचे कारणच उरत नाही. मागील दोन-तीन चांगल्या वर्षांची तीच वाइन तयार बाटलीत काय दराने मिळते, हे आधी पाहावे.

प्रस्तुत लेखकाचा अनुभव मात्र दर्जाचाही नव्हे आणि दराचाही नव्हे. २०१६च्या व्हिंटेजची कीर्ती पसरत असतानाच एप्रिल २०१७च्या अखेरीस बोर्दोत कडाक्याची थंडी पडून व दव गोठून नव्या पिकाची मोठी हानी झाली, त्यामुळे २०१६ची वाइन हातची जाऊ नये अशी घाई सर्वत्र दिसू लागली, आणि त्याच उन्हाळ्यात जर्मनीतील एका व्यापाऱ्याकडे पूर्ण रक्कम भरण्यात आली. वाइन येण्याच्या सुमारास तो व्यापारी नादार झाला. पुढे हाती आलेली रक्कम भरलेल्या किमतीचा अगदी लहान अंश होती.

हे असे का होते, याचे उत्तर जर्मन दिवाणी संहितेत, म्हणजे ‘ब्युर्गरलिशेस गेझेट्सबूख’मध्ये आहे. तिच्या कलम ९२९नुसार जंगम वस्तूची मालकी केवळ करार केल्याने वा पैसे दिल्याने बदलत नाही, तर उभयतांची संमती आणि वस्तूचा ताबा या दोहोंनी बदलते. बोर्दोच्या पिंपातील वाइनपैकी ग्राहकाची कोणती हे ठरलेलेच नसल्याने, रक्कम चुकती केली तरी तो मालक नसतो, केवळ येणेकरी असतो. विक्रेता नादार झाल्यास १९९९पासून लागू असलेल्या जर्मन नादारी कायद्याप्रमाणे ग्राहकाला इतर सामान्य धनकोंच्या रांगेत आपला दावा नोंदवावा लागतो. याउलट खोकी गोदामात ग्राहकाच्या नावाने वेगळी काढून ठेवलेली असतील आणि मालकी रीतसर त्याच्याकडे गेलेली असेल, तर कलम ४७नुसार ती नादाराच्या मालमत्तेतून बाहेर काढून मागता येतात. म्हणून वाइन बाटलीत भरून जर्मनीत आल्याचे कळताच ती त्याच आठवड्यात ताब्यात घेणे, आणि ते शक्य नसल्यास खोक्यांच्या खुणांसह मालकी-हस्तांतरणाचा लेखी करार मागणे, हाच खरा बचाव होय. व्यापाऱ्याच्या गोदामातील थंडाव्याच्या मोहाने ती तेथेच राहू देणे धोक्याचे आहे.

आणखी एका नियमाकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. दूरस्थ खरेदीत जर्मन ग्राहकाला १४ दिवसांत करार मागे घेण्याचा हक्क असतो, असा सर्वसाधारण समज खरा आहे. परंतु त्याच संहितेच्या कलम ३१२जी मध्ये, २०११च्या युरोपीय ग्राहकहक्क निर्देशाला अनुसरून, एक अपवाद आहे. किंमत आधी ठरलेली, किमान ३० दिवसांनंतरच पोहोचवता येणारी आणि ज्यांचे मूल्य बाजाराच्या चढउतारांवर अवलंबून आहे अशी मद्ये त्या हक्कातून वगळलेली आहेत, आणि निर्देशाच्या प्रास्ताविकात आँ प्रिमर वाइनचा नामोल्लेख आहे. म्हणजे रात्रीच्या उत्साहात केलेली मागणी सकाळी परत घेता येत नाही. तेव्हा मागणी नोंदवण्यापूर्वीच विक्रेत्याला लेखी विचारावे, की शातोचा वाटा त्याला निश्चित मिळालेला आहे काय, बोर्दोतील ठोक व्यापाऱ्याचे पैसे त्याने चुकते केले आहेत काय, आणि दरात १९ टक्के मूल्यवर्धित कर व वाहतूक धरलेली आहे काय. उत्तर देण्यास टाळाटाळ करणाऱ्याकडे पैसे गुंतवू नयेत.

काही वर्षांच्या नेमणुकीवर म्युनिक वा श्टुटगार्ट येथे आलेल्या मराठी अभियंत्यांच्या कुटुंबांना आणखी एक हिशेब करावा लागतो. दोन वर्षांनी हाती येणारी मेदोकची चांगली वाइन पिण्याजोगी होण्यास बहुधा दहा वर्षे लागतात, तोवर तिला सुमारे १२ ते १४ अंश तापमानाचे तळघर हवे असते, आणि मायदेशी परतताना सामानातून प्रत्येक प्रौढास केवळ २ लिटर मद्य, म्हणजे दोन बाटल्या, शुल्काविना नेता येतात. अशा कुटुंबांनी व्हिंटेज कितीही गाजत असले, तरी आधीच मुरलेल्या जुन्या वर्षाच्या चार बाटल्या दुकानातून घेऊन त्याच हिवाळ्यात उघडाव्यात.