बैतुलमालची वही हाती घेताना

बेटा, जमातीनं बैतुलमालचा हिशेब तुझ्याकडे दिला, फार बरं झालं. तुझं मन मोठं आहेच, आता ‘उद्या लिहितो’ म्हणायची सवय तेवढी सोड. हे दहा कानमंत्र गाठीला बांध.

१. जकात, फित्रा, सदका, लिल्लाह यांचे रकाने पहिल्या दिवसापासून वेगळे ठेव — जकातीचे आठ हकदार सूरह तौबात ठरलेत, मशिदीचा रंग त्यात बसत नाही.

२. रक्कम कशाची, ते देणाऱ्यालाच विचार आणि तिथल्या तिथे पावतीवर लिही — पावती राहिली की कुजबुज उगवते.

३. २००० रुपयांवरची देणगी बँकेतूनच घे — त्याहून जास्त रोख दिली तर देणाऱ्याला देणगीवरची आयकर सवलत मिळत नाही.

४. कुवेत-दुबईच्या आपल्या माणसांनी पैसे पाठवले, तर त्यांच्या भारतीय पासपोर्टची प्रत फाइलला लाव — भारतीय नागरिकाची स्वतःची बचत बँकेतून आली तर ती परदेशी देणगी ठरत नाही. नागरिकत्व बदललेल्याची मात्र ठरते, तिथे एफसीआरए हा परदेशी देणग्यांचा कायदा आडवा येतो.

५. पैसे काढायला दोन सह्या ठेव, त्याही दोन घरांतल्या — भरवशाच्या माणसालाच साक्षीदार जास्त लागतो, त्याची अब्रू त्यानंच राहते.

६. फित्र्याची यादी अर्ध्या रमजानातच पक्की कर — ईदच्या नमाजीआधी तो पोचायला हवा, आणि घाईत ओळखीचीच नावं आठवतात, न बोलणारी घरं मागे राहतात.

७. बांधलेल्या राशनच्या पिशव्यांतली कुठलीही एक उघड. तांदूळ निवडून बघ, डाळ तोल, तेलावरची तारीख वाच — जे आपण स्वतः घेणार नाही ते दानात देऊ नये, हे सूरह बकराहत बजावलंय.

८. मदत घेणाऱ्याचे फोटो काढू नकोस, वहीतली सही पुरे — त्याच्या पोरांना उद्या त्याच शाळेत जायचं असतं.

९. महिन्याभरानं त्या घरी जाऊन बस, काय कमी पडलं ते विचार — आपण शाळेची फी भरून खूश असतो आणि तिथे औषधाला पैसे नसतात. हिशेब वहीत जुळतो, मदत चुलीपाशी जुळते.

१०. ३१ मार्चनंतर ऑडिट झालं की जमाखर्च मशिदीच्या फलकावर लाव, आणि जकातीची शिल्लक मोठी दिसली तर खूश होऊ नकोस — तेवढ्या लोकांचा हक्क अजून आपल्याकडेच अडकलाय.