नोकरीसाठी गाव सोडावे काय?

आपल्या समाजातील मुले-मुली आज परीक्षा देऊन बँक, रेल्वे, टपाल, आयुर्विमा अशा ठिकाणी लागत आहेत. नेमणुकीचा कागद हाती आला की घरात पेढे वाटले जातात आणि त्याच संध्याकाळी प्रश्न उभा राहतो : एवढ्या लांब जावे काय? बढतीच्या वेळी नोकरदारांपुढेही हाच प्रश्न येतो. त्याचा विचार कसा करावा, हे आम्ही येथे अनुभवातून मांडत आहोत.

प्रथम इतिहासातील एक धडा. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१७ साली शिष्यवृत्तीच्या करारानुसार बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. विद्या मोठी, हुद्दा मोठा. परंतु शहरात राहायला जागा मिळेना. एका पारशी विश्रांतिगृहात त्यांनी आसरा घेतला, तेथूनही त्यांना बाहेर काढण्यात आले. अखेर ते मुंबईस परतले आणि नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. नोकरी मिळणे आणि त्या गावी राहता येणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. खोली देताना आडनाव विचारणारे आजही भेटतात. म्हणून रुजू होण्यापूर्वी आठ दिवस जाऊन जागा पाहावी, तेथे राहणाऱ्या आपल्या माणसांना भेटावे.

दुसरी गोष्ट पैशाची. एका कागदावर जमा आणि नावे असे दोन रकाने पाडावेत. समजा, पगार दहा हजारांनी वाढणार आहे. खोलीभाडे सहा हजार, दुसऱ्या चुलीचा खर्च तीन हजार, जाण्यायेण्याचे दीड हजार धरले, तर महिन्याला पाचशे रुपये खिशातूनच जातात. मात्र पुढील वेतनश्रेणी व निवृत्तिवेतन यांवर होणारा परिणामही जमेच्या बाजूस लिहावा. नाहीतर हिशेब अपुरा राहतो.

तिसरी गोष्ट कागदपत्रांची. अनुसूचित जातींच्या याद्या राज्यवार असतात. नोकरीसाठी दुसऱ्या राज्यात गेलेल्यास त्या राज्याच्या सेवांतील व प्रवेशांतील राखीव जागांचा लाभ आपोआप मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९० साली मरी चंद्रशेखर राव प्रकरणात हे तत्त्व सांगितले आणि २०१८ साली घटनापीठाने राज्यांच्या सेवांबाबत ते कायम केले. मुलांची दहावी-बारावी कोणत्या राज्यात होणार, यावरही पुढील प्रवेश अवलंबून असतात. तेव्हा त्या वर्षाचे नियम वाचूनच कुटुंब हलवावे.

आता आमची गोष्ट. २०१२ साली आम्हाला अधिकारीपदाची बढती मिळाली; नेमणूक परराज्यात होती. आईला मधुमेह, गुडघे दुखतात, असे कारण लिहून आम्ही नकार दिला. सर्वांनी मातृभक्तीचे कौतुक केले. आमच्यानंतर लागलेले सहकारी पुढे आमचे साहेब झाले. काही वर्षांनी बोलता बोलता आई म्हणाली, "मला एकदा विचारायचं होतंस रे. धाकटी होती की जवळ. मी जा म्हणाले असते."

त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही. परक्या भाषेची आणि नव्या जबाबदारीची धास्ती आम्हाला होती. कला शाखेचा पदवीधर, आपल्याला जमेल काय, ही शंका होती. आईच्या आजारपणाआड आम्ही ती लपविली.

राहणे चूक नाही. घरात खरोखर दुसरे कोणी नसेल, तर राहणे हेच कर्तव्य होय. परंतु ज्यांच्या नावाने आपण नकार देतो, त्यांना आधी विचारावे. तसेच ज्यांच्या भल्यासाठी जातो म्हणतो, त्यांनाही विचारावे. विद्यार्थी मित्रांनी त्या कागदावर तिसरा रकाना पाडावा आणि त्यात आपली भीती स्पष्ट अक्षरांत लिहावी. आम्ही तो रकाना तेव्हा कोराच ठेवला होता.