आजीच्या पोटऱ्या, बाबांचा दम

२०१६ च्या ऑगस्टमध्ये ललिता बाबर रिओ ऑलिंपिकच्या तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. ती माण तालुक्यातल्या मोहीची. आमचं गावही त्याच तालुक्यातलं. पी. टी. उषानंतर बत्तीस वर्षांनी ऑलिंपिकच्या ट्रॅकवर वैयक्तिक शर्यतीच्या अंतिम फेरीत भारताची बाई दिसत होती, आणि ती आमच्या दुष्काळी मातीतली होती. त्याच आठवड्यात धाकटी बहीण म्हणाली, "ताई, आपण पण सुरू करू या." मी एकोणचाळीसची, ती छत्तीसची. पुण्यात दोघींची घरं एकाच सोसायटीत. आठवड्यातले चार दिवस पहाटे तळजाईच्या टेकडीवर, एकच वेळापत्रक, सोबत सुरुवात आणि सोबत घरी. पाच महिन्यांनी दहा किलोमीटरला तिला ५८ मिनिटं लागली, मला ७६. त्या अठरा मिनिटांचा शोध मी अजून घेते आहे. हाती लागलं ते लिहिते.

१. दोघींनी घाम सारखा गाळला म्हणून फळ सारखं येत नाही.

त्या दिवशी मी घरी येऊन रडले. मी कुठेतरी चुकारपणा केला असणार, असंच वाटत होतं. पुढे क्लॉड बुशार यांच्या 'हेरिटेज' अभ्यासाविषयी वाचलं आणि छातीवरचा दगड उतरला. बैठं आयुष्य जगणारी कुटुंबं, आईवडील आणि त्यांची मोठी मुलं, त्यांनी निवडली आणि सगळ्यांना वीस आठवडे सायकलवर सारख्याच पद्धतीचा व्यायाम दिला. शरीर मिनिटाला जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकतं ते आधी मोजलं, नंतर मोजलं. सरासरी वाढ सुमारे ४०० मिलिलिटर. पण काही जण होते तिथेच राहिले आणि काहींची वाढ लिटरभराच्या वर गेली. एका घरातली माणसं बरीचशी एकमेकांसारखी वागली. या फरकातला जवळजवळ निम्मा भाग घराण्याकडून येतो, असा त्यांचा हिशेब निघाला.

मग आम्ही दोघी तर सख्ख्या! पण सख्ख्या बहिणींतही सरासरी निम्मीच जनुकं सामाईक असतात. तिच्या वाट्याला जे आलं ते माझ्या वाट्याला आलंच असेल असं नाही.

यापुढचा भाग मला जास्त मोलाचा वाटतो. ज्यांना थोड्या व्यायामाने फरक पडत नाही, त्यांना आठवड्याला आणखी दोन दिवस दिले तर फरक पडतो, असं २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिसलं. मी चाराचे पाच दिवस केले, पाचवा दिवस नुसत्या संथ धावण्याचा. बहिणीला तीन दिवसांत जे मिळतं त्यासाठी मला पाच लागतात. हे एकदा मान्य केल्यावर मी तिच्या घड्याळाकडे बघणं सोडलं.

२. आधी रक्त तपासावं, मग रक्ताच्या नात्याला दोष द्यावा.

वर्षभर मी "आपल्या अंगातच नाही" म्हणत राहिले आणि माझं हिमोग्लोबिन होतं १०.४. शरीरातला लोहाचा साठा सांगणारं फेरिटिन तर तळाला गेलेलं. प्राणवायू वाहून नेणारी गाडीच अर्धी रिकामी असेल तर हृदय आणि पाय काय करणार? डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. चार महिन्यांत दहा किलोमीटरमधली सहा मिनिटं गेली. आपल्याकडच्या किती बायका हा दम लागणं वयावर, जाडीवर, नशिबावर ढकलून जगतात, याचं मला फार वाईट वाटतं.

३. वजनकाटा एकच आकडा सांगतो, आणि तो पुरेसा नसतो.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. दोघं शेजारी शेजारी उभे. उंचीच्या मानाने वजन सांगणारा बीएमआय दोघांचाही २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२. याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळंही मोजली होती. सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडच्या साउदॅम्प्टनमधल्या बाळांचं ३.५. आपली बाळं स्नायूंत आणि पोटातल्या अवयवांत कमी, पण कातडीखालच्या चरबीत तेवढी मागे नव्हती. दिसायला हडकुळी, आतून चरबीची. म्हणजे गर्भातल्या पोषणापासूनच हे घडत येतं. एकट्या जनुकांवर त्याची जबाबदारी टाकता येत नाही, आणि पिढ्यान्‌पिढ्या अर्धपोटी बाळंतपणं काढलेल्या आपल्या आया-आज्यांना तर मुळीच दोष देता येत नाही.

मी शरीरातली चरबी मोजणारा डेक्सा स्कॅन करून घेतला. वजन ५८ किलो, चरबी ३७ टक्के. म्हणजे साडेएकवीस किलो. बहिणीचं वजन माझ्याहून किलोभरच कमी, पण तिची चरबी २९ टक्के. साडी नेसून शेजारी उभ्या राहिलो तर कुणाला फरक कळणार नाही.

धावताना मात्र कळतो. समजा, माझं हृदय आणि स्नायू मिळून मिनिटाला दोन लिटर प्राणवायू वापरू शकतात. ५८ किलोवर तो वाटला तर किलोमागे साडेचौतीस मिलिलिटर येतो, ५४ किलोवर वाटला तर सदतीस. इंजिन तेच, ओझं तेवढं उतरलं. फक्त उतरलेलं ओझं चरबीचं हवं, स्नायूचं नको. मी हा दुसरा अर्धा भाग वाचलाच नाही.

४. हलकं होण्याला एक तळ असतो, आणि तो प्रत्येकीचा वेगळा.

तेव्हा मी ज्यांच्याकडे धावणं शिकायला जात होते, ते दर सोमवारी सगळ्यांसमोर वजन घेत. मी रात्रीचं जेवण सोडलं. भाकरी अर्धी केली. ५८ चे ५२ झाले, ४९ झाले. वेळ सुधारत होती, कौतुक होत होतं. पाळी थांबली तेव्हा मी त्याचा संबंध वयाशी लावला. मग उजव्या नडगीत दुखायला लागलं, आधी धावताना, नंतर जिना चढताना, शेवटी अंथरुणात. स्ट्रेस फ्रॅक्चर. हाडाला चीर गेली होती. तीन महिने बूट कपाटात.

खर्चाच्या मानाने शरीराला अन्न मिळालं नाही की ते एकेक खातं बंद करत जातं. पाळी, हाडांची दुरुस्ती, झोप, मन. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञांनी २०१४ साली या अवस्थेला स्वतंत्र नाव दिलं आणि ती पुरुषांतही होते हे नोंदवलं. उलट, बीडच्या मांडव्याचा धावपटू अविनाश साबळे सैन्यात असताना वजन वाढलेला गडी होता. प्रशिक्षक अमरीश कुमार यांच्या हाताखाली त्याने पंधरा-वीस किलो उतरवले आणि पुढे २०२४ मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये स्टीपलचेस ८ मिनिटं ९.९१ सेकंदांत धावला. ती गोष्ट खरी आहे, आणि मी तीच डोळ्यांसमोर ठेवून उपाशी राहिले होते. पण त्याच्याकडे उतरवायला होतं, आणि शेजारी जाणता माणूस उभा होता. माझं शरीर चोपन्नला सुखात असतं. पाळी परत आली ती चोपन्नलाच. तुमच्या हाताखाली मुली धावत असतील तर त्यांचं वजन चारचौघांत घेऊ नका, ही माझी हात जोडून विनंती आहे.

५. पोटऱ्या आजीच्या आहेत, त्या तशाच राहणार.

आमच्या आजीच्या पोटऱ्या भरीव होत्या. डोक्यावर दोन हंडे घेऊन ती ओढ्यावरून चढ चढायची. माझ्या पोटऱ्या हुबेहूब तिच्या. केनियाच्या रिफ्ट व्हॅलीतल्या कालेंजिन धावपटूंचे पाय बघा, एलिउड किपचोगे त्यांतलाच. गुडघ्याखाली पाय लांब आणि काठीसारखे बारीक. कोयत्याचं पातं जड असलं की हात लवकर भरून येतो, तसंच पायाचं. पाय हा लोलकासारखा झुलतो, त्यामुळे टोकाकडचं वजन कंबरेवरच्या वजनापेक्षा महाग पडतं. प्रत्येक बुटात शंभर ग्रॅम वाढले तर धावण्याचा खर्च साधारण एक टक्क्याने वाढतो. पोटरी बदलता येत नाही, म्हणून मी बूट बदलले. तेवढंच हातात होतं. बारीक पाय म्हणजेच सगळं, असंही नाही. ती माणसं उंचावर वाढतात, लहानपणापासून पायी फिरतात, आणि धावण्यावर घर उभं राहतं हे त्यांनी शेजारी पाहिलेलं असतं. चढावर मला माझ्या याच पोटऱ्या आवडतात.

६. दहा वर्षांच्या मुलीची जनुकं तपासून तिचं भविष्य ठरवू नये.

ओळखीच्या एका घरी मला अहवाल दाखवला. एसीटीएन-३ नावाच्या जनुकावरून मुलगी "धावपटू होण्याजोगी नाही" असा अर्थ घरच्यांनी काढला होता. त्या जनुकाचा संबंध वेगवान स्नायूंशी, म्हणजे मुख्यतः कमी अंतराच्या धावण्याशी आहे, आणि तिथेही तो थोडाच. फिनलंडचा स्कीपटू एरो मॅन्टीरान्टा याच्या घराण्यात एकाच जनुकातल्या बदलामुळे रक्तात लाल पेशी भरपूर होत्या, त्याने ऑलिंपिकची सात पदकं मिळवली. असं उदाहरण विरळा. बाकी आपल्या सगळ्यांच्या बाबतीत शेकडो जनुकं चिमूट चिमूट भर घालतात. ती मुलगी अंगणात मजेत पळत होती. मी आईला एवढंच म्हटलं, तिला पळू दे.

७. वारशात नेमकं काय आलंय, हे धावल्याशिवाय कळत नाही.

बाबा पोस्टमन होते. वाड्यावस्त्यांवर रोज चालत जायचे. आजही, चौऱ्याहत्तराव्या वर्षी, बसल्या जागी त्यांची नाडी मिनिटाला ५२. माझी ५४. बहिणीची ६६. मी हळू आहे, पण शेवटच्या पाच किलोमीटरमध्ये माझा वेग फारसा पडत नाही, आणि थांबल्यावर दम लवकर बसतो. हे रक्तातून आलं की आठ वर्षांच्या पहाटांतून, ते मला वेगळं करून सांगता येत नाही.

मागच्या वर्षी आम्ही दोघी सातारा हिल हाफ मॅरेथॉनला गेलो. यवतेश्वरचा घाट धुक्यात होता. चढावर बहीण दिसेनाशी झाली आणि मी माझ्या चालीने वर गेले. तिला दोन तास सहा मिनिटं लागली, मला दोन तास एकतीस. बाबा शेवटच्या रेषेपलीकडे छत्री घेऊन उभे होते. काही न बोलता त्यांनी माझा हात धरला, मनगटावर दोन बोटं ठेवली आणि घड्याळाकडे बघत राहिले. मिनिटभराने हात सोडला.

"उतरली," ते म्हणाले.